गरम हवा, हेलियम की एअरशिप? मुंबईकराने कशाच्या मागे लागावं

फुग्यातून उडायचंय असं म्हणणाऱ्या मुंबईकरापुढे आज साधारण चार वाटा आहेत. पहिली, एखाद्या रिसॉर्टवर किंवा महोत्सवात दोरांनी बांधलेल्या फुग्यात बसून थोडा वेळ वर-खाली करणं. दुसरी, पहाटे मावळात जाऊन गरम हवेच्या बलूनमधून तासभर वाऱ्याबरोबर जाणं. तिसरी, परदेशात जाऊन गॅस बलून (हवेपेक्षा हलक्या वायूचा फुगा) किंवा एअरशिपची (इंजिनावर चालणाऱ्या लांबट फुग्याची) सफर करणं. चौथीकडे सहसा कोणी वळत नाही: स्वतः एक लहानशी हेलियम एअरशिप बांधून हॉलमध्ये उडवणं.

चारींमागचं तत्त्व एकच, आर्किमिडीजचं. जेवढी हवा बाजूला सारली, तिच्या वजनापेक्षा सगळा सरंजाम हलका असला की तो वर जातो. तेव्हा वर चांगलं कोण नेतं, या चर्चेत फार अर्थ नाही, सगळेच नेतात. खाली कुठे, कधी आणि कसं यायचं, यातलं किती आपल्या किंवा पायलटच्या हातात असतं, ते विचारा. मी तरी या चौघांना त्याच मापाने मोजतो.

मुंबईतूनच का नाही?

हा प्रश्न हमखास येतो, कारण महालक्ष्मी रेसकोर्सवरून बलून उडालेला आहे. २६ नोव्हेंबर २००५ रोजी विजयपत सिंघानिया तिथून एका बंदिस्त कॅप्सूलमध्ये बसून गरम हवेच्या प्रचंड बलूनने निघाले, २१,०२७ मीटरपर्यंत चढले आणि नाशिक जिल्ह्यात सिन्नरजवळच्या पांचाळे गावी उतरले. गरम हवेच्या बलूनचा तो उंचीचा विक्रम ठरला; त्याआधीचा पेर लिंडस्ट्रँड यांचा, १९८८ सालचा, १९,८११ मीटरचा होता.

ते कुठे उतरले त्याकडे बघा. हिवाळ्यात खूप उंचावर आपल्याकडे वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून ते घाटापलीकडे गेले. तुमचा-आमचा प्रवासी बलून मात्र काही शे मीटरवरच फिरतो आणि त्या थरात पहाटेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो. शिवाजी पार्कवरून सूर्योदयाला निघालात तर थोड्याच वेळात खाली माहीमचा उपसागर आणि पुढे नुसतं पाणी. दुपारी वारा उलटतो, समुद्रावरून आत येतो, पण तोवर तो जोरकस झालेला असतो आणि तापलेल्या डांबरा-काँक्रीटवरून हवेचे लोट उठत असतात. शिवाय डोक्यावर सांताक्रूझची विमानं, जुहूची हेलिकॉप्टरं, कुलाब्याला नौदल. त्यात मुंबई पोलीस वेळोवेळी जे मनाई आदेश काढतात, त्यांत ड्रोन आणि पॅराग्लायडरच्या जोडीने हॉट एअर बलूनचंही नाव असतं. दिवाळीत पेटवून सोडायच्या कंदिलांनाही इथे मनाई असते, आणि मला ती पटते. जळती वस्तू वाऱ्यावर सोडून द्यायची आणि ती कुणाच्या ताडपत्रीवर उतरेल ते बघायचं नाही, याला खेळ म्हणवत नाही.

गंमत म्हणजे सांताक्रूझच्या वेधशाळेतून हवामानाची उपकरणं घेऊन फुगा नेमाने वर जातच असतो. चढत-चढत तो ताणून फुटतो आणि उपकरण छोट्या पॅराशूटला लटकून मिळेल तिथे पडतं. त्यात माणूस नसतो, म्हणूनच ते चालतं.

दोराने बांधलेला बलून की मोकळा?

बहुतेकांचा खरा गोंधळ इथेच होतो, आणि जाहिराती तो वाढवतात. एका ठिकाणी ‘बलून राइड’चे पैसे भरून आम्ही घरची सगळी मंडळी गेलो, तर ती दोराची निघाली. शंभरेक फूट वर, जरा थांबायचं, खाली. फसवणूक म्हणता येणार नाही, कारण बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. पण फोनवर विचारलं असतं तर कळलं असतं. तेव्हा पहिला प्रश्न हाच टाका: टेदर्ड आहे की फ्री फ्लाइट?

दोर आहे म्हणजे जास्त सुखाचं, असा समज असतो. तो अर्धाच बरोबर आहे. कुठे उतरणार हे पक्कं असतं, हा दोराचा मोठा फायदा. पण मोकळा बलून वाऱ्याबरोबर वाऱ्याच्याच वेगाने जातो, त्यामुळे आत बसलेल्याला वारा लागतच नाही. हातातला कागदही फडफडत नाही. दोराचा बलून वाऱ्याला अडून उभा राहतो. नांगरलेली होडी जशी सुटलेल्या होडीपेक्षा जास्त हेलकावते तसं त्याचं होतं. झुळूक आली की कापडाची एक बाजू आत दबते, बास्केट तिरपी होते आणि एखाद्या कोपऱ्यातला दोर ताठ होऊन हिसका बसतो. उंचीची भीती असलेला माणूस मोकळ्या बलूनमध्ये शांत आणि दोराच्या बलूनमध्ये पांढराफटक, असं मी पाहिलंय. उंच इमारतीवरून खाली बघताना आपल्याला जमिनीशी जोडणारी भिंत दिसते आणि पोटात गोळा येतो. मोकळ्या बलूनमध्ये तसं जोडणारं काहीच नसल्याने बहुतेकांना तो येत नाही.

लहान मुलं सोबत असतील, कुणाचे गुडघे दुखत असतील, किंवा ‘बघू तरी काय असतं’ एवढीच हौस असेल तर दोराचा घ्या. स्वस्तही तोच पडतो. मोकळ्या उड्डाणाला माणशी पाच आकडी खर्च धरून चला. मात्र दोराच्या बलूनवरून मोकळ्याबद्दल मत बनवू नका. दोन्हींत कापड आणि बर्नर सारखे, बाकी काही नाही.

मावळातली पहाट

मोकळ्या उड्डाणासाठी मुंबईकराला जवळचं म्हणजे लोणावळा-कामशेतच्या बाजूचा मावळ, तोही पावसाळा सरल्यावर. उड्डाण सूर्योदयाच्या आसपास असतं, त्यामुळे पहाटेची इंद्रायणी पकडून जाऊ म्हणालात तर पोचेपर्यंत मंडळी कापडाची घडी घालत असतील. आदल्या रात्री तिकडेच मुक्काम करा, नाहीतर रात्री अडीच-तीनला गाडी काढा.

एवढ्या पहाटे का, याचं कारण हवेत आहे. रात्रभर जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवा जड होऊन खोऱ्यात बसते, वारा मंद असतो. ऊन चढलं की डोंगरउतार तापतात आणि गरम हवेचे लोट सुटतात. कामशेतच्या पॅराग्लायडरवाल्यांना हेच लोट हवे असतात, बलूनवाल्यांना नकोसे. एकाच गावात एकाची वेळ संपते तेव्हा दुसऱ्याची सुरू होते. पॅराग्लायडिंग की बलून, असा प्रश्न असेल तर एवढं लक्षात घ्या की पॅराग्लायडर हवेपेक्षा जड असतो, तो वळवता येतो आणि उतरायची जागा पायलट ठरवतो. थरार हवा असेल तर तिकडे जा.

बलूनच्या मैदानावर गेलात तर उड्डाणाआधीचा एक प्रकार चुकवू नका. पायलट हेलियम भरलेला एक साधा रबरी फुगा सोडून देतो आणि बोलणं थांबवून नुसता त्याच्याकडे बघत राहतो. फुगा आधी तिकोन्याच्या दिशेने सरकतो, मग बऱ्याच वर गेल्यावर एकाएकी वळण घेऊन लोहगडाकडे जायला लागतो. पायलटला जे हवं ते मिळालेलं असतं: खालच्या थरातला वारा एकीकडचा, वरचा दुसरीकडचा, आणि बदल अमुक उंचीवर. बलूनला सुकाणू म्हणजे एवढंच. दिशा बदलायची तर उंची बदलायची आणि सोयीचा वारा शोधायचा. कधीकधी फुग्याकडे बघून पायलट मान हलवतो आणि उड्डाण रद्द होतं. रात्रीची झोप मोडून आलेल्या पाहुण्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, पण रद्द करणारा पायलट मला नेहमी जास्त विश्वासाचा वाटतो.

नंतर दवाने भिजलेल्या गवतावर कापड पसरतात, मोठ्या पंख्याने त्यात गार हवा भरतात, दोघं जण तोंड ताणून धरतात आणि बर्नरची ज्योत आडवी आत सोडतात. काही मिनिटांत आडवा पडलेला डोंगर उभा राहतो. वर गेल्यावर बर्नर चालू असेपर्यंत डोक्यामागे भाजतं, कान भरून जातात. तो बंद झाला की खालच्या वाडीतली कुत्री, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, ओढ्यावरची बोलणी, सगळं स्पष्ट ऐकू येतं. बर्नर दिल्याबरोबर बलून उचलत नाही, काही सेकंदांनी उचलतो. म्हणून पायलट समोरच्या झाडासाठी नव्हे, त्याच्या पुढच्या झाडासाठी ज्योत देत असतो.

ऋतू का बघायचा

समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा सुमारे १.२२५ किलो भरते. तीच १०० अंशांना तापवली की सुमारे ०.९४६. म्हणजे घनमीटरमागे उचल २८० ग्रॅमच्या आसपास. ३,००० घनमीटरचा बलून घेतला तर एकूण ८४० किलो. त्यातच कापड, बास्केट, बर्नर, गॅसच्या टाक्या आणि माणसं आली. आता बाहेर ३० अंश धरा. बाहेरची हवाच हलकी झाली, उचल घनमीटरमागे २२० ग्रॅमवर आली, एकूण ६६० किलो. दोन-अडीच माणसं कमी झाली. लोणावळ्याची उंची धरली तर आकडा आणखी थोडा उतरतो. आतली हवा जास्त तापवून भरपाई करता येते, पण कापडाला मर्यादा असते आणि गॅसही जास्त जळतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीची तारीख मिळत असेल तर मे महिन्याची घेऊ नका.

हिवाळ्याचा एक तोटाही आहे, धुकं. बलूनचे मोठे अपघात बघितले तर विजेच्या तारा पुन्हा पुन्हा येतात: न्यूझीलंडमध्ये कार्टर्टनला २०१२ साली ११ जण गेले, टेक्सासमध्ये लॉकहार्टला २०१६ साली १६. लॉकहार्टच्या दिवशी धुकं आणि खाली उतरलेले ढग होते. मावळात शेताशेतातून तारा गेलेल्या आहेत. समोरचा डोंगर दिसत नसताना कोणी ‘निघू या, वर मोकळं असेल’ म्हणालं, तर तुम्ही चहा घेत बसा.

उतरताना गुडघे वाकवायचे, आतल्या दोरीच्या कड्या घट्ट धरायच्या आणि बास्केट थांबली तरी सांगितल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. वारा असेल तर बास्केट आडवी होऊन फरफटते. पाठीचं दुखणं, नुकतं झालेलं ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर जाऊच नये. आणि एक जण मध्येच उडी मारून उतरला तर तेवढं वजन कमी होऊन बाकीचे परत वर जातात, हे विसरू नका.

गॅस बलून: ऐटदार, पण आपल्या आवाक्यातला नाही

गरम हवा आणि हायड्रोजन ही भांडणं जुनी आहेत. पॅरिसमध्ये माणसांना घेऊन गरम हवेचा मोकळा बलून उडाला २१ नोव्हेंबर १७८३ ला. दहाच दिवसांनी, १ डिसेंबरला, जाक शार्ल हायड्रोजनच्या बलूनमधून गेले. पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षं गॅसचीच होती. १९६० साली अमेरिकेत एड योस्ट यांनी नायलॉनचं कापड आणि प्रोपेनचा बर्नर वापरून उड्डाण केलं, आणि तेव्हापासून हौशी माणसाचा बलून पुन्हा गरम हवेचा झाला.

गॅसची उचल घनमीटरमागे किलोभर असते, म्हणजे गरम हवेच्या जवळजवळ चौपट. हायड्रोजन हेलियमपेक्षा निम्म्याने हलका आहे म्हणून त्याची उचलही दुप्पट असेल असं वाटतं, पण फरक फक्त आठेक टक्क्यांचा पडतो. कारण उचल ठरते हवेच्या वजनातून गॅसचं वजन वजा करून, आणि दोन्ही गॅस मुळातच हवेपुढे नगण्य.

गॅस बलूनमध्ये वर जायचं तर वाळू टाकायची, खाली यायचं तर झडपेतून गॅस सोडायचा. दोन्हींचा साठा मोजका, त्यामुळे प्रत्येक मूठ वाळू विचार करून टाकतात. त्या बदल्यात तो दिवसच्या दिवस तरंगतो. १९०६ पासूनच्या गॉर्डन बेनेट या गॅस बलूनच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत २००५ साली बेल्जियमच्या जोडीने सुमारे ३,४०० किलोमीटर कापले. १९९९ मध्ये बर्ट्रांड पिकार आणि ब्रायन जोन्स यांनी कुठेही न उतरता पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही हेलियम आणि गरम हवा दोन्ही वापरणाऱ्या बलूनने, १९ दिवस २१ तासांत.

आता आपला हिशोब. साधारण ४७ लिटरच्या मोठ्या सिलिंडरमध्ये सातेक घनमीटर हेलियम बसतो. दोघांना नेणाऱ्या १,००० घनमीटरच्या बलूनला असे १४० हून जास्त सिलिंडर लागतील, आणि उतरताना तो सगळा गॅस हवेत सोडून द्यायचा. भारतात हेलियम जवळपास सगळा बाहेरून येतो, त्यामुळे भाव विचारूच नका. विजयदुर्गाला १८ ऑगस्टला हेलियम दिन करतात आणि ज्यांच्या नावाशी हेलियमचा शोध जोडला जातो त्या लॉकियरसाहेबांनी १८६८ चं ग्रहण तिथून पाहिलं असं कौतुकाने सांगतात. खरं तर त्या ग्रहणाला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जानसेन गुंटूरला होते आणि लॉकियर इंग्लंडातच. गड बघायला जरूर जा, पण स्वस्त हेलियम कोकणातही मिळणार नाही.

हायड्रोजन स्वस्त असतो, म्हणून जत्रेतल्या नि चौपाटीवरच्या फुग्यात पुष्कळदा तोच असतो. जुन्या सिलिंडरात कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमची पूड टाकून रस्त्यावरच तो बनवतात. त्या सिलिंडरांच्या स्फोटांच्या बातम्या आपण वाचतोच. वाढदिवसाला असे फुगे आणू नका, निदान केकवरच्या मेणबत्त्यांजवळ तरी नकोत. गॅस बलूनकडे शास्त्र म्हणून बघायचं असेल तर कुलाब्याच्या टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) हैदराबादला बलून सुविधा आहे. तिथून पातळ पॉलिथिनचे अवाढव्य फुगे दुर्बिणी आणि उपकरणं घेऊन ३० किलोमीटरच्या वर जातात. त्यातही माणूस नसतो.

एअरशिप

इंजिन, शेपूट, सुकाणू. खाली कुठे यायचं याचं उत्तर एअरशिपकडे सगळ्यांत चांगलं असायला हवं, पण तिची अडचण जमिनीजवळच सुरू होते. एवढं मोठं अंग वाऱ्यात बांधून ठेवायचं कुठे? ब्रिटिशांची आर-१०१ निघाली होती कराचीला, म्हणजे त्या काळच्या मुंबई इलाख्यात. तिच्यासाठी तिथे डोंगराएवढी शेड आणि मनोरा उभारून ठेवला होता. ५ ऑक्टोबर १९३० ला ती फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळली, ४८ जण गेले आणि शेड रिकामीच राहिली. १९३७ मध्ये हिंडेनबर्ग ही एअरशिप जळाली, त्यानंतर हायड्रोजनच्या प्रवासी एअरशिपचा विषयच मिटला.

आज बसायचं तर जर्मनीत फ्रीड्रिक्सहाफेनला, झेपेलिन एनटीमध्ये. ७५ मीटर लांब, हेलियमची, मोठ्या खिडक्या असलेली. युरोपच्या सहलीला जातच असाल तर चौकशी करा. तेवढ्यासाठी तिकीट काढा असं मी म्हणणार नाही. भारतात डीआरडीओने मे २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या श्योपूरहून स्ट्रॅटोस्फिअरमधली (वातावरणाच्या वरच्या थरातली) एअरशिप सतराएक किलोमीटरवर नेऊन पाहिली, पण ते काम टेहळणीचं.

‘मामा, मला बसायचं नाही, उडवायचंय’

हे माझ्या भाचीचं वाक्य, आणि या प्रश्नाला उत्तर वेगळं आहे. बलून पायलटचं लायसन्स डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, देतं. पण त्याआधी एखाद्या हंगामात क्रूमध्ये काम करून बघावं: कापड ओढणं, तोंड धरणं, जीप घेऊन शेतांच्या बांधावरून बलूनच्या मागे धावणं, ज्याच्या शेतात उतरलो त्या काकांची समजूत काढणं. हे आवडलं तर पुढे जा.

तोवर चौथी वाट. तीन मीटर लांब, एक मीटर जाड अशी लांबट पिशवी केली तर तिच्यात दीड घनमीटरच्या वर हेलियम बसतो. मुंबईच्या उकाड्यात उचल दीड किलोच्या थोडी वर. फिल्म अर्धा किलो धरली तर किलोभर उरतं, त्यात बॅटरी, दोन छोट्या मोटरी, सर्व्हो आणि रिसीव्हर आरामात मावतात. सिलिंडरही एकच पुरतो. पवईच्या आयआयटीत एअरोस्पेसची मंडळी अनेक वर्षं याच विषयावर काम करताहेत, तेव्हा विचारायला माणसं लांब नाहीत.

यातलं शिक्षण मोटरींपेक्षा वजन जुळवण्यात आहे. भाचीने गोंडोलाला (पिशवीखालच्या डब्याला) मातीचे छोटे गोळे चिकटवले. एक काढला की एअरशिप छताकडे, एक लावला की फरशीकडे. बऱ्याच वेळाने ती हवेत सोडली तिथेच थांबली, आणि तेवढ्यात कोणीतरी एसी लावला नि ती दाराकडे निघाली. वारा म्हणजे काय ते तिला त्या क्षणी कळलं असणार. शाळेचा किंवा सोसायटीचा बंद हॉल याला उत्तम. बाहेर उडवायची तर पोलिसांचे आदेश रिमोटच्या विमानांनाही लागतात. आणि मुंबईचा पाऊस चार महिने बलूनवाल्यांना घरी बसवतो, तेव्हा हीच एक वाट चालू राहते.

फोन करताना

फ्री फ्लाइटच ठरवली असेल तर विचारा: बलूनला व्हीटी-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, पायलटचं लायसन्स चालू आहे का, प्रवाशांचा विमा आहे का, आणि वाऱ्यामुळे रद्द झालं तर पैसे परत की फक्त पुढची तारीख. शेवटच्या प्रश्नाला ‘आमचं कधी रद्द होतच नाही’ असं उत्तर आलं, तर फोन ठेवा आणि दुसरा नंबर शोधा.